बंदराकडे आठ पावलं

नागोसेच्या गेन्झोने एकतीस वर्षांत देवाला एकदाही पाठ दाखवली नव्हती. बायकोला मात्र तो दिवसातून दहा वेळा दाखवायचा, विशेषतः तिचं म्हणणं पटलेलं असलं आणि तसं कबूल करायचं नसलं की.

देवाला पाठ न दाखवणं हे त्याचं कामच होतं. जुलैच्या तिसऱ्या रविवारी देवळातली पालखी बत्तीस खांद्यांवरून किनाऱ्यावर उतरते आणि तशीच समुद्रात शिरते. दीडशे पावलांवर पाण्याखाली एक सपाट खडक आहे, त्याला देवाचा पाट म्हणतात. देव समुद्रातून पहिल्यांदा आला तेव्हा गावात पाऊल टाकण्याआधी तिथे घटकाभर टेकला होता. वर्षातून एकदा त्याला तिथे नेऊन बसवायचं, तीन लाटा अंगावर घेऊ द्यायच्या आणि परत आणायचं. पालखीपुढचा म्होरक्या या सगळ्या वाटेवर उलटा चालतो. तोंड देवाकडे, पाठ समुद्राकडे, दोन्ही हातांत पंखे. मान वळवून मागे बघायचं नाही. मग वाट कशी काढायची? तर समोर दिसणाऱ्या जमिनीवरून. देवळाचं आढं आणि त्यामागे टेकडीवरचं वाकडं पाइनचं झाड. झाड आढ्यावर नीट बसलेलं दिसतंय तोवर पायाखाली भक्कम वाळू आहे, हे गेन्झोच्या आज्यापासून चालत आलेलं.

त्या दोन खुणांच्या जोरावर गेन्झोने एकतीस वर्षं पालखीचा काठसुद्धा भिजू दिला नव्हता. पाटावर बसते तेव्हाची गोष्ट वेगळी, तेव्हा भिजायचंच असतं. पण वाटेत पालखी कलंडली तर ते गाव विसरत नाही. गेन्झोच्या आधी एकाच्या हातून ती एकदा कलंडली होती, तर त्या घराला अजून 'बुडवे' म्हणतात. त्या माणसाचा नातू न्हावी आहे, हात चांगला आहे, तरी सणाच्या आठवड्यात त्याच्या दुकानात कुत्रं फिरकत नाही.

गेन्झोला आता बहात्तरावं लागलं होतं. पुढच्या वर्षीपासून पंखे पालखीचा खांदेकरी तोकुजी याच्या हातात जाणार हे ठरलेलं होतं. म्हणजे हे शेवटचं वर्ष, आणि नेमकं याच वर्षी त्याच्या बायकोने, तामिएने, त्याच्या वाटेवर खड्डा शोधून काढला.

तामिए बुडीवाली. एकोणिसाव्या वर्षापासून समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले काढते, आता सदुसष्ट वय. खड्डा सापडला तो दिवस समुद्र बंद होण्याआधीचा शेवटचा होता. सणाच्या आधी आठ दिवस किनाऱ्याला गवती दोर बांधला जातो आणि देव न्हाईपर्यंत पाण्यात कोणी शिरत नाही, होडीसुद्धा नाही. दुपारी ती घरी आली, केस पुसले, भात वाढला आणि सरळ सांगून टाकलं.

"तुमच्या वाटेवर खड्डा पडलाय."

गेन्झो माशाचे काटे काढत होता. "कुठे?"

"निम्म्यावर. परवाच्या वादळाने खणलाय. बंदराचा नवा बांध झाल्यापासून पाणी तिथे घुमतं. दोन पुरुष खोल आहे."

"वाळू येते परत."

"आठ दिवसांत?"

"येते."

"मी आत उतरून बघितलंय. कडा भिंतीसारख्या उभ्या आहेत. बंदराच्या अंगाने गेलं तर वाळू घट्ट आहे, आठ पावलं सरकायला लागेल, बस."

गेन्झोने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "तामिए, टेकडीवरचं झाड हललंय का?"

"झाड कशाला हलेल?"

"देऊळ?"

"देऊळ जागेवर आहे. वाळू हललीय, अहो, वाळू."

"मग झालं तर."

तामिएचं डोकं फिरलं. "वीस वर्षं तुम्ही होडीत बसायचात आणि मी तळाशी जायचे. मी दोरीला हिसका दिला की तुम्ही ओढायचात. एकदा तरी विचारलंत, का गं, काय झालं म्हणून?"

"तेव्हा दोरीच्या टोकाला तू होतीस," गेन्झो म्हणाला. "आता देव आहे. शेवटच्या वर्षी म्हातारा बायकोच्या सांगण्यावरून चालला, असं म्हणून घेऊ होय?"

आणि त्याने पाठ फिरवली. म्हणजे त्याला पटलं होतं. खरी पंचाईत तीच होती, कारण न पटलेल्या गेन्झोशी भांडता येतं, पटलेल्या गेन्झोपुढे कोणाचं काही चालत नाही.

संध्याकाळी दोर बांधला गेला. आता जाऊन खात्री करून घ्यायची म्हटली तरी सोय उरली नाही. तामिएच्या डोळ्यांसमोरून ते चित्र हलेना. पालखी निम्म्यावर येते, पहिल्या रांगेच्या पायाखालची वाळू जाते, एवढं वजन पुढे कलतं. खांदेकऱ्यांत यंदा तेरा जण शहरातल्या कॉलेजची पोरं होती, गावात माणसं उरली नाहीत म्हणून बोलावलेली. त्यांतलं एखादं दांड्याखाली सापडलं तर? आणि नाही सापडलं, सगळे सुखरूप बाहेर आले, तरी गेन्झोचं काय? एकतीस वर्षं पुसली जातील आणि एक खड्डा तेवढा राहील. आपलंच खरं ठरावं ही हौस तामिएला कमी नव्हती, पण या भावात ती तिला नको होती.

दुसऱ्या दिवशी ती बुडीवाल्यांच्या खोपटात गेली. समुद्र बंद असला तरी बायका तिथे जमतातच, विस्तव पेटवतात, रताळी भाजतात आणि गावाची धुणी धुतात. गावात आता नऊच बुडीवाल्या राहिल्यात. सगळ्यांत थोरली फुसा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कानाने कमी ऐकते पण उपयोगाचं सगळं तिला ऐकू येतं. सगळ्यांत धाकटी मिनोरी, तीन वर्षांपूर्वी शहरातली ऑफिसची नोकरी सोडून आलेली.

"सांगितलंस त्याला?" फुसाने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"झाड हललं का म्हणाला."

बायका हसायला लागल्या. "आमचा म्हातारा असता तर शिडी घेऊन देऊळ मोजायला गेला असता," फुसा म्हणाली.

"काकी, फोनवर समुद्राच्या तळाचा नकाशा मिळतो," मिनोरी म्हणाली. "तो दाखवू या का त्यांना?"

"परवाचं वादळ तुझ्या फोनला कोण सांगायला गेलं होतं?" फुसाने विचारलं.

मिनोरीने फोन पिशवीत टाकला. तामिए विस्तवातल्या रताळ्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, "मी उभी राहते. खड्ड्याच्या कडेला. पालखी आली की हाक देते."

आता हसणं थांबलं. देवाच्या आधी पाण्यात बाई. नागोसेत असं कधी झालं नव्हतं.

फुसाने रताळं उलटं केलं. "नियम काय आहे गं? देवाआधी कोणी बुडी मारायची नाही. उभं राहायचं नाही असं कोणी म्हटलंय?"

"फुसाताई, पण..." एक जण म्हणाली.

"आणि तामिए, तू एकटी कशाला उभी राहतेस? खड्ड्याची कड काय एवढीशी आहे? नऊ जणी आहोत की."

पुजाऱ्याला विचारायला सगळ्या मिळून गेल्या. हा पुजारी एरवी शेजारच्या गावच्या शाळेत भूगोल शिकवतो आणि भांडणाला फार घाबरतो. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"डोकं पाण्याखाली जाणार नाही ना?"

"लाटेचं काय सांगावं," फुसा म्हणाली.

"मग मी काही ऐकलेलं नाही," पुजारी म्हणाला, आणि कपाटातून नऊ ताईत काढून त्यांच्यापुढे ठेवले. ऐकलंच नव्हतं तर नऊचा आकडा कुठून आला, हे बायकांनी विचारलं नाही.

गेन्झोला कोणी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि एकदा नको म्हटल्यावर त्याला मरेपर्यंत तेच धरून बसावं लागलं असतं.

रविवारी सकाळपासून ऊन मी म्हणत होतं. घरोघरी लाल घेवड्याचा भात शिजला, टोकियोला गेलेली मुलं-नातवंडं उतरली, अकराला पूर्ण ओहोटी होणार होती. म्होरक्याचा कमरपट्टा त्याच्या बायकोने बांधायचा असतो. तामिएने गुडघा त्याच्या पाठीला लावून पट्टा ओढला.

"एवढं आवळतेस कशाला?"

"शेवटचं वर्ष आहे. सुटायला नको."

पांढऱ्या कपड्यांत तो उभा राहिला. बहात्तर वर्षांचा, पाठीचा कणा अजून सरळ, खांदे होडी ओढून ओढून रुंद झालेले. तामिए त्याच्यावर रागावलेली होती आणि तरीही त्याला बघून तिचा ऊर भरून आला. गावात दुसरा असा कोण होता? पंखे घेऊन तो देवळाकडे निघून गेला, आणि मग तिने कपाटातून स्वतःचे पांढरे कपडे काढून अंगावर चढवले, बुडी मारताना घालायचे ते.

किनाऱ्यावर दोन-तीनशे माणसं होती. नऊ बायका गवती दोराखालून वाकून पाण्यात उतरल्या तेव्हा आधी कोणाला काही कळलं नाही. मग कुजबुज सुरू झाली. "अरे, या कुठे निघाल्या?" "आज?" एक म्हातारा काठी आपटत ओरडला, "बाहेर या, लाज नाही का?" फुसाला ते ऐकू आलं नाही.

तामिए सर्वांत पुढे होती. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. ती पायाच्या बोटांनी चाचपडत गेली आणि एका ठिकाणी बोटांखालची वाळू संपली. खड्डा जागेवर होता. वाळू परत आली नव्हती. तिला आनंद झाला नाही. तिने वळणाची जागा धरली आणि बाकीच्या आठ जणी कडेकडेने पाटाच्या दिशेने रांगेत उभ्या राहिल्या, एकमेकींपासून दोन दोन हातांवर, तोंडं किनाऱ्याकडे.

मग ढोल ऐकू आले. पायऱ्यांवरून पालखी उतरली, काळी, सोनेरी, वर पंख पसरलेला सोन्याचा पक्षी, चारी बाजूंच्या घुंगरांचा एकच कल्लोळ. "वास्शोई, वास्शोई" म्हणत बत्तीस जण वाळूत उतरले आणि त्यांच्यापुढे गेन्झो, उलटा, पंखे हवेत नाचवत, एका पावलाचाही अंदाज न चुकवता. लोकांनी वाट दिली. पालखी पाण्यात शिरली.

पुढच्या दांड्यावर तोकुजी होता. त्या वेळी काय बोलणं झालं ते त्यानेच नंतर घरोघर सांगितलं.

"गेनसान, बायका पाण्यात आहेत."

"कुठे?"

"तुमच्या मागे."

"कोण कोण?"

"सगळ्या. तामिएताई सगळ्यांत पुढे."

गेन्झोने वळून बघितलं नाही. बघता येतच नव्हतं. तो तसाच मागे मागे येत राहिला, पाणी त्याच्या मांडीला, कमरेला. तामिएला फक्त त्याची पाठ दिसत होती आणि त्या पाठीवर तिनेच बांधलेली गाठ. वीस पावलं राहिली. पंधरा. त्याच्यासमोर झाड आढ्यावर अगदी बरोबर बसलेलं असणार. आज्याची खूण, बापाची खूण, डोळ्यांना धडधडीत दिसणारी. आणि मागे फक्त एक बाई.

बारा पावलं राहिल्यावर तिने हाक दिली. "गेन्झो."

एरवी ती त्याला 'अहो' म्हणायची. नावाने फक्त होडीवर, डोकं पाण्याबाहेर आलं की.

"बंदराकडे. आठ पावलं."

ढोल किनाऱ्यावर राहिले होते, त्यामुळे हाक सगळ्यांना ऐकू गेली. गेन्झोने आणखी एक पाऊल मागे टाकलं. मग आणखी एक. मग पंखे थांबले. पालखीही थांबली. पाण्यात एवढं वजन घेऊन थांबणं सोपं नसतं, लाट खांदेकऱ्यांना ढकलत होती, कॉलेजच्या पोरांचे चेहरे आवळले होते, कोणीतरी "म्होरके, चला" असं कळवळून म्हणालं.

तामिएच्या जिभेवर दुसरी हाक आली होती. ती तिने गिळली. तळातून हिसका एकदाच द्यायचा असतो. ओढणाऱ्याने ओढलं तर ओढलं.

ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. उजवा खांदा किंचित उचलला गेला, मोठा दम घेताना उचलला जायचा तसा. आणि दोन्ही पंखे बंदराकडे झुकले.

"बंदराकडे," गेन्झो गरजला. "आठ. एक."

बत्तीस जण तिरके सरकले. "दोन." किनाऱ्यावरून एक मोठा हुंकार उठला, कारण पालखी वाट सोडतेय हे तिथून स्पष्ट दिसत होतं. झाड आढ्यावरून घसरत होतं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा गेन्झो ते उघड्या डोळ्यांनी घसरू देत होता. "पाच. सहा." आठ झाल्यावर तो पुन्हा मागे सरकू लागला, आणि तामिएच्या अगदी हाताजवळून, तिच्याकडे न बघता, पुढे गेला.

पालखी बायकांच्या रांगेला घासून जात असतानाच कडेच्या दांड्यावरचं एक पोरगं पाऊलभर बाहेर पडलं आणि हनुवटीपर्यंत खाली गेलं. दांडा वाकला. पालखी कलली, वरचा सोन्याचा पक्षी एका बाजूला झुकला, काठ आणि पाणी यांत वीतभर अंतर राहिलं. फुसाने त्या पोराच्या मानगुटीला धरलं आणि सगळं बळ लावून आत ढकललं. "पाय इकडे टाक, मुडद्या, तिकडे तळ नाही." पोराचा पाय वाळूला लागला, खांदा दांड्याखाली आला, पालखी सरळ झाली. काठ कोरडा होता.

तिकडे तळ नाही. हे शब्द खांदेकऱ्यांतून मागच्या रांगेपर्यंत गेले आणि तिथून किनाऱ्यावर. काठी आपटणारा म्हातारा खाली बसला.

पुढची वाट बायकांच्या कडेकडेने सरली. पालखी पाटावर बसली, तीन लाटा तिच्या अंगावरून गेल्या, घुंगरं पाण्याखाली बुडून पुन्हा वर आली. पुजाऱ्याने मंत्र म्हटले, नेहमीपेक्षा जरा घाईनेच. मग म्होरक्याने देवाला सांगायचं असतं की वाट कोणी दाखवली, आणि किनाऱ्याने ते ऐकल्याची पावती द्यायची असते. एकतीस वर्षं गेन्झो एकच वाक्य म्हणत आला होता, 'हामाया घरातल्या गेन्झोने वाट दाखवली.' त्याच्या आधीही वाक्य तेच होतं, फक्त नाव दुसऱ्या पुरुषाचं.

त्याने पंखे मिटले. छातीभर पाण्यात देवासमोर वाकला आणि सरळ झाला.

"हामाया घरातल्या तामिएने," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एवढा मोठा होता की देवळापर्यंत गेला असेल, "वाट दाखवली."

किनाऱ्यावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. बाईच्या नावाला पावती कधी कोणी दिली नव्हती. आधी आठ बुडीवाल्या म्हणाल्या, "ऐकलं." मग तोकुजी, मग दांड्याखालचे बत्तीसच्या बत्तीस, ज्यांना यातलं काही कळत नव्हतं ती शहरातली पोरंसुद्धा. आणि मग सगळा किनारा एकदम म्हणाला, "ऐकलं."

तामिएला वाटलं होतं की आपल्याला रडू येईल. ते आलं नाही. तिला अभिमान वाटला, नुसता, निखळ, मानेतून ताठ वर चढणारा. त्यात त्याचा किती आणि स्वतःचा किती, याची वाटणी करत ती बसली नाही.

पालखी परत निघाली. परतीला म्होरक्या पालखी आणि किनारा यांच्यामध्ये येतो, तोंड देवाकडेच, म्हणजे आता समुद्राकडे. जमिनीवरच्या खुणा त्याच्या पाठीमागे गेल्या. समोर होत्या त्या पाण्यात उभ्या नऊ बायका. गेन्झो एकेकीला बाजूला ठेवत मागे मागे जात राहिला, आणि शेवटच्या वळणावर तामिए पालखीपलीकडे त्याच्या थेट नजरेसमोर आली.

मिनोरीचे दात वाजत होते. "काकी, झालं ना आता? चला ना, पाय थरथरतायत माझे."

"तू जा," तामिए म्हणाली. "पालखी वाळूवर चढू दे."

भरती लागत होती. पाणी तिच्या खांद्यांपर्यंत आलं. पलीकडे गेन्झो तिच्यावरची नजर न काढता, तिला बघून पाऊल टाकत, उलटा चालत होता. शेवटचा दांडा कोरड्या वाळूवर चढेपर्यंत ती जागची हलली नाही.